रोस, हळद आणि एक जुनी यादी

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एका मित्राच्या लग्नाला वसईला गेलो होतो. डोंबिवलीकराला वसई म्हणजे परगावच. पण कोपरला दिवा-वसई गाडी मिळाली की दादरचा वळसा वाचतो. (मिळाली तर! फेऱ्या मोजक्याच.)

मित्र ईस्ट इंडियन ख्रिश्चन. माझ्या डोक्यात पांढरा गाऊन, केक वगैरे. आदल्या संध्याकाळी पोचलो तर दारात मांडव, आणि ब्रास बँड वाजवत घरातल्या बायका विहिरीवर पाणी आणायला निघालेल्या. म्हाताऱ्या आज्या लुगड्यात. या विधीला म्हणतात 'उंबराचं पाणी'. मग 'रोस': नवऱ्या मुलाला बसवून सगळ्यांनी त्याच्या अंगाला नारळाचं दूध चोळायचं आणि आंघोळ घालायची. आमच्या गल्लीतली आगरी हळद आठवली. फक्त पिवळ्याऐवजी पांढरं, आणि डीजेऐवजी बँड.

परत आल्यावर अ. का. प्रियोळकरांचं गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं पुस्तक (१९६१) पुन्हा काढलं. त्यात १७३६ सालचा एक हुकूमनामा आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती झालेल्या लोकांनी काय काय करायचं नाही, याची भलीमोठी यादी. लग्नात देशी वाद्यं वाजवायची नाहीत. विड्याची पानं-सुपारी वाटायची नाही. वधूवरांच्या अंगाला हळद, दूध, खोबरेल लावायचं नाही. अळणी भात शिजवायचा नाही. एकादशी पाळायची नाही. घराजवळ तुळस ठेवायची नाही. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही!

ही यादी वाचताना मला एकच प्रश्न पडतो. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. १७६ वर्षांनंतर हे सगळं पुन्हा 'करू नका' म्हणून सांगावं लागतं, याचा अर्थ काय? अर्थ इतकाच की लोक ते सगळं करत होते. एकच बग दर रिलीजला 'फिक्स्ड' म्हणून येत राहिला की आपण काय समजतो, तसंच.

पण मिशनरी म्हणजे सगळे यादीवालेच होते असंही नाही. एक साधा जेझुइट पाद्री डोळ्यांसमोर आणा. युरोपातून जहाजाने आलेला, चार-पाच गावं त्याच्या अंगावर, भाषा येत नाही, आणि समोर नव्याने पाणी शिंपडलेले शेतकरी. त्यांना जुनी दैवतं सोडायला लावली, पण बदल्यात लॅटिन प्रार्थना दिली, जी कुणालाच कळत नाही. हे ज्याला नीट उमगलं तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्रज माणूस, १५७९ साली गोव्यात आला तो तिथलाच झाला. त्याच्या ग्रंथात एक प्रसंग आहे: एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्ही वाचायचं काय? उत्तर म्हणून स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. मराठीत! १६१६ मध्ये राशोलला छापलं, तेही रोमन लिपीत. (आपण मोबाईलवर 'kasa ahes' लिहितो तसं. चारशे वर्षांत आपली काही प्रगती नाही.)

आणि मग १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. असो.

वसई-ठाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली, दोनशे वर्षं राहिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. पोर्तुगीज गेले, पण गावातले ख्रिस्ती बहुतेक ख्रिस्तीच राहिले, आणि पेशव्यांच्या राज्यात शेजारच्या हिंदू कोळ्या-आगऱ्यांबरोबर शेती-मासेमारी करत राहिले. यादी दाखवणारं कुणी उरलं नाही. १८८७ साली त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, इंग्रजांच्या नोकऱ्यांत गोव्याच्या लोकांपेक्षा आपण वेगळे हे कळावं म्हणून. आता ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, पाद्री त्यांना आशीर्वाद देतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नव्हे. आफ्रिकेत नाताळचा बिशप कोलेन्सो याने १८६२ साली मांडलं की दोन-तीन बायका असलेल्या झुलू माणसाला बाप्तिस्मा देताना जास्तीच्या बायका सोडायला लावू नका. कारण सोडलेल्या बाईने जायचं कुठे? १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने उलट ठरवलं, आणि शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, तोच नियम सैल केला. केनियात मात्र १९२९ मध्ये मिशनांनी मुलींच्या सुंतेविरुद्ध शपथ मागितली, तेव्हा हजारो किकुयू चर्च सोडून गेले. तिथे मी मिशनच्या बाजूने आहे. प्रथा आहे म्हणून ती चांगली, असं थोडंच असतं?

आणि म्हणूनच त्या १७३६ च्या यादीचा मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. हळद, पान, तुळस, अळणी भात. सगळ्या बायकांच्या हातातल्या, कुणाचं काही न बिघडवणाऱ्या गोष्टी. आणि जात? गोव्याच्या चर्चमध्ये ब्राह्मण ख्रिस्त्यांचे आणि चारड्यांचे वेगवेगळे संघ चालत राहिले. मदुराईत दे नोबिलीने तर १६०६ पासून जात ही केवळ सामाजिक रूढी आहे, धर्माचा भाग नाही, असं म्हणत तिला सांभाळूनच घेतलं. आमच्या वसईतही सामवेदी, वाडवळ, कोळी हे ख्रिस्ती झाल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच लग्नं करत आले.

रोस झाल्यावर अंगणात जेवायला बसलो. शेजारी मित्राची मावशी होती, लुगड्यातली, भलतीच प्रेमळ. मला आग्रहाने वाढलं, डोंबिवलीत भाडं किती, लग्न कधी करणार, सगळं विचारून झालं. मग सहज, माझी आजी विचारते अगदी तशाच स्वरात, म्हणाली, "बाबा, तुम्ही कुणातले?"