हौसेची मोटार आणि पितळेचा सांधा

भंडारा म्हटले की तीन गोष्टी चटकन डोळ्यांपुढे येतात : वैनगंगेचे रुंद पात्र, धानाच्या बांध्या आणि पितळेची भांडी. चौथी म्हणून कोणी मोटारीचे नाव घेणार नाही. त्यातून हौसेच्या, शर्यतीच्या चालीच्या मोटारीचे तर नाहीच नाही. म्हणूनच गेल्या वर्षी आमचा भंडाऱ्याचा भाचा म्हणाला, "मामाजी, पहिली गाडी घेतोय, पण नवी नाही, स्टँडर्ड हेरॉल्ड घेतोय," तेव्हा मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने, कपाळाला हात लावला. "लोक नोकरी लागली की कोरी करकरीत गाडी आणतात. ह्याला मात्र साठीची म्हातारी हवी!"

चिरंजीवांनी दोन हेरॉल्ड हेरून ठेवल्या होत्या. पहिली नागपूरची. लालभडक रंग, आरशासारखी चकाकी, टप काढून उघडी केलेली, आणि आत दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे दमदार इंजिन. विकणारा तिला 'स्पोर्टस् कार' म्हणत होता. दुसरी लाखनीच्या बाजूला एका खेड्यात, गोठ्याच्या पडवीत उभी. १९६४ सालची, दोन दारांची, रंग उडालेला, काच तडकलेली. पण इंजिन मूळचे आणि कागदपत्रे एका पिशवीत नीट बांधून ठेवलेली. किंमत दोघींची जवळजवळ सारखीच. भाच्याने तीन वर्षे पगारातून शिल्लक टाकून जमवलेली सारी पुंजी त्यात जाणार होती. "कोणती घेऊ, मामाजी?"

प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

स्पोर्टस् कार ही राजवाड्यात जन्मली असा आपला समज असतो. खरे तर ती जन्मली दुरुस्तीच्या गॅरेजात. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे मॉरिस कंपनीच्या गाड्या विकणारे 'मॉरिस गॅरेजेस' नावाचे दुकान होते. तेथल्या सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकाने १९२०नंतरच्या दशकात साध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर हलकी, बसकी, देखणी बॉडी चढवून पाहिली. त्या दुकानाच्या आद्याक्षरांवरून गाडीचे नाव पडले एम. जी. दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेली त्यांची 'टी. सी.' ही दोन माणसांची चिमुकली गाडी १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार तयार झाली आणि तिने अमेरिकेलाही वेड लावले. इंजिन अवघे साडेबाराशे सी. सी.चे! म्हणजे वेग हे या गाडीचे खरे मर्म नव्हते. घरातल्या साध्या गाडीचेच हे खेळकर भावंड होते.

आपल्याकडे मात्र ती प्रथम आली ती श्रीमंतांच्या दारी. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची मोटार घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून दोघांपुरती बॉडी चढवून घेतली. ती आज जगातल्या नामांकित मोटारींत गणली जाते. मात्र ती आता अमेरिकेत असते. मुंबईत तरुण जे. आर. डी. टाटांची बुगाटी गाजली. ती भरधाव हाकल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी नावाचा वकील गाठला, आणि १९३० साली त्याच वकिलाच्या पुतणीशी, थेल्माशी, त्यांचे लग्न झाले. वेगाचा दंड असा गोड रीतीने फार थोड्यांना भोगावा लागला असेल!

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. परदेशी चलन जपून वापरायचे होते. धरणे, पोलाद, यंत्रे यांपुढे मोटारीची हौस कोण पुरवणार? नुसते परदेशी भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना परवानगी द्यायची नाही, इथे खरोखर उत्पादन करील त्यालाच द्यायची, अशी शिफारस १९५३मध्ये टॅरिफ कमिशनने केली. मुंबईत शिवडीला १९२८पासून गाड्या जोडणारा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला. पुढे सामान्य माणसाला निवड उरली ती मुख्यतः तिघींत : कलकत्त्याकडची अँबॅसिडर, वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्याची फियाट, आणि मद्रासची स्टँडर्ड. त्याही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९५९मध्ये तर मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रणाचा हुकूमच निघाला.

या तिघींतली धाकटी ती आपली हेरॉल्ड. इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीने ती १९५९ साली आणली. रूप दिले जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने. १९६१पासून ती मद्रासजवळ बनू लागली. इंजिन ९४८ सी. सी.चे, म्हणजे ताकद बेताचीच. पण तिच्या खोडी मोठ्या! तिचे अख्खे बॉनेट पुढच्या बाजूला पेटीच्या झाकणासारखे उघडते आणि इंजिन, चाके, सारे काही समोर येते. वळते तर इतकी झटकन की, पंचवीस फुटांच्या वर्तुळात पुरी फिरावी. बॉडी वेगळ्या सांगाड्यावर बोल्टांनी बसवलेली. टपसुद्धा बोल्ट सोडून उतरवता येतो. आणि गंमत पुढेच आहे. १९६२ साली ट्रायम्फने 'स्पिटफायर' नावाची प्रसिद्ध स्पोर्टस् कार काढली, ती ह्याच हेरॉल्डच्या सांगाड्यावरून बेतून, तो आखूड करून. स्पिटफायर आपल्याकडे कधी विकायला आली नाही. तिची ही थोरली बहीण मात्र आपल्या गल्लीबोळांतून धावत होती. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, त्यांतही हेरॉल्ड उतरत. तेव्हा भाच्याची निवड अगदीच वेडगळ नव्हती. आपल्या देशात बनलेल्या गाड्यांत स्पोर्टस् कारचे रक्त खरोखर कुणात असेल, तर हिच्यात.

पण नेमका इथेच त्या लाल गाडीचा प्रश्न उभा राहतो.

टंचाईच्या त्या काळाने आपल्याला गाड्या दिल्या नाहीत, पण मिस्त्री दिले. सुटा भाग मिळत नाही? लेथवर बुश कातून घ्या. ट्रकचा भाग घासून बसवा. पेट्रोल परवडत नाही? डिझेल इंजिन चढवा. पत्रा गंजला? लांबी भरा, वर रंग मारा. गाडी चालली पाहिजे, एवढा एकच नियम. ह्या तडजोडीला आज नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. तिच्याच जोरावर डॉक्टर रात्री-अपरात्री खेड्यात पोचले आणि लग्नाची वऱ्हाडे वेळेवर गेली. मात्र त्याचा परिणाम असा झाला की, मूळ रूपातली जुनी गाडी दुर्मीळ होऊन बसली.

आता कायद्यानेही त्या मूळ रूपाला मोल दिले आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. ज्याला पवनीपर्यंत सहज फेरफटका मारायचा आहे, त्याने साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी नवी करून घेत राहावी, हे बरे. पण पुढे कधी व्हिंटेजचा मान मिळवायचा झाला, तर त्या लाल गाडीला तो दरवाजा बंदच होता.

एवढे सांगून आम्ही दोघे आणि भंडाऱ्यातले एक वयस्कर मिस्त्री, असे गाड्या पाहायला निघालो. मिस्त्रींनी खिशातून एक लोहचुंबक काढले आणि ते कापडात गुंडाळले. लाल गाडीच्या दाराखाली ते लावले तर चिकटेना! वरून रंग, आत नुसती लांबी. आर. सी. बुकात इंजिनाचा नंबर एक, गाडीवर दुसरा. विकणाऱ्याचे नाव तर बुकात कुठेच नव्हते. विक्रीचे एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म बुकातल्या मालकाच्या सहीनेच भरावे लागतात. तो मालक कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हते. भाच्याचा चेहरा उतरला. त्याला ती लाल गाडी मनातून आवडली होती, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी कारध्याचा पूल ओलांडून आम्ही लाखनीकडे गेलो. गोठ्यातल्या गाडीचे मालक निवृत्त मास्तर. चुंबक सगळीकडे चिकटले. सांगाड्याच्या मागच्या बाजूला गंज होता, पण तो झाकलेला नव्हता. नंबर जुळले. मग मिस्त्री पुढच्या चाकाशी बसले आणि म्हणाले, "हिचा जीव इथे असतो."

हेरॉल्डच्या पुढच्या चाकामागे खाली एक पितळी सांधा असतो. चाक वळते ते ह्या सांध्याच्या आट्यांवर. त्यात घट्ट गिअर ऑइल घालायचे असते, ग्रीस नव्हे. बाकी गाड्यांच्या सवयीने मिस्त्री त्यात ग्रीस भरतात. ते आत पोचत नाही, पाणी शिरते, आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी चाक जागच्या जागी मोडून पडते. मास्तरांनी आपल्या पिशवीतून एक वही काढली. प्रत्येक वेळी तेल घातल्याची तारीख तिच्यात लिहिलेली होती. शेवटची नोंद गेल्या पावसाळ्यातली; गाडी जागची हलत नव्हती तरीही!

पितळेच्या गावातल्या मिस्त्रींनी तो सांधा बोटाने चाचपला, कान लावून चाक हलवून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "घ्या."

जुनी गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्या वाचकांना ह्यापेक्षा वेगळे मी काय सांगणार? चकाकी पाहू नका, हात पाहा. ती कोणाच्या हातांतून आली आणि पुढे कोणाच्या हातात जाणार, ते पाहा. कागद आधी, पत्रा नंतर, रंग सगळ्यांत शेवटी. इंजिन थंड असताना सुरू करून बघा. २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसे नाही, आणि आता त्यात इथेनॉल असते. तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठकी आणि रबरी नळ्या तपासून, लागल्या तर बदलून घ्या. आणि जवळची सारी रक्कम किमतीत घालवू नका. निदान तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी राखा. भाच्याने मास्तरांना हे मोकळेपणाने सांगितले. त्यांनी किंमत उतरवली. वही मात्र त्याच्या हातात देताना दोनदा परत घेतली.

गाडी दसऱ्याला घरी आली. झेंडूचा हार पडला. ताईने मात्र तोंड फिरवले. पण त्याच आठवड्यात भाच्याने तिला शेजारी बसवून बाजारातून फिरवून आणले. अरुंद बोळात गाडी एका झटक्यात वळली, तेव्हा ती पहिल्यांदा हसली म्हणतात.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी तिथेच होतो. पाट मांडला होता, वाटीत सुगंधी तेल होते, भाचा डोळे चोळत अंगणात आला. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, आज महिना झाला ना? आधी त्या म्हातारीला तेल घाल, मग तू अंघोळीला बस!"