पायाखालून कागदावर

लिनोकटच्या घराण्यात पहिला पुरुष चित्रकार नाही, कारखानदार आहे. उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर चिवट साय धरते, हे फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने हेरलं. हवेने घट्ट झालेल्या त्या तेलात राळ आणि बुचाची पूड कालवायची आणि ते मिश्रण गोणपाटावर थापायचं. अशा रीतीने 1860च्या दशकात लिनोलियम जन्माला आलं आणि स्वयंपाकघरांत, इस्पितळांत जमिनीवर पसरलं.

या लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा कागदावर छाप घेता येतो, हे पुढे लक्षात आलं; असा छाप म्हणजेच लिनोकट. लाकडाला रेषा असतात, त्यांच्या आडवं जाताना हत्यार अडतं. लिनोलियमला अशी रेषाच नाही, त्यामुळे कोरणी हवी तिकडे वळते. कोरायला ताकद लागत नाही, पैसाही फारसा नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी 1897मध्ये मुलांसाठी कलावर्ग काढला होता. त्यांनी हे साहित्य मुलांच्या हाती दिलं आणि लिनोकटवर ‘पोरांचा खेळ’ हा शिक्का बसला. माझ्या मते याच शिक्क्याने त्याचं भलं केलं. लाकूडठशामागे ड्यूररची सावली होती, तांब्याच्या पत्र्यावरून घेतलेल्या छापामागे रेम्ब्राँची. लिनोकटला कुणा पूर्वजाचं दडपणच नव्हतं.

ही मोकळीक लंडनच्या क्लॉड फ्लाइटने (1881–1955) पुरेपूर वापरली. गडी आधी इंजिनिअर, ग्रंथपाल, शेतकरी आणि मधमाश्या पाळणारा होता. तिशी उलटल्यावर चित्रकलेकडे वळला. फ्रान्समध्ये सीन नदीकाठी त्याची चक्क एक गुहा होती आणि तो उन्हाळ्यात तिथे राहायचा. 1926पासून तो ग्रॉव्हनर स्कूल या कलाशाळेत लिनोकट शिकवू लागला. कोरायला छत्रीच्या काडीचं हत्यार चालायचं. छापाला यंत्र नको, हाताने घासलं तरी पुरे. काळ्या बाह्यरेषेचा वेगळा ठसा त्याने काढूनच टाकला. तीन-चार रंगांचे ठसे एकावर एक छापून त्यांतूनच आकार आणि गती उभी करायची. लिनोकटची किंमत सामान्य माणसाच्या बिअरएवढी किंवा सिनेमाच्या तिकिटाएवढी असावी, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याचे विद्यार्थी त्याच्याहून सरस निघाले. सिरिल पॉवर मूळचा वास्तुविशारद. त्याच्या ‘द ट्यूब स्टेअरकेस’मध्ये (1929) भुयारी रेल्वेचा गोल जिना असा गरगरतो की पाहणाऱ्याचा पाय आपोआप सावरतो. सिबिल अँड्र्यूज पहिल्या महायुद्धात विमानाच्या भागांचं वेल्डिंग करत होती; पुढे ती याच शाळेची सेक्रेटरी झाली. श्रमाने वाकलेली पाठ तिच्याइतक्या कमी आकारांत क्वचितच कुणी पकडली असेल. स्वित्झर्लंडची लिल चुडी (1911–2004) एका कलामासिकातली जाहिरात वाचून लंडनला आली. खांबावर चढून तारा जोडणाऱ्या कामगारांचं तिचं चित्र (1932) पाहिलं, की वर्षभर शिकूनही न येणारी रचना म्हणजे काय ते कळतं.

त्यानंतर दुसरं महायुद्ध आलं. 1941च्या बाँबफेकीत फ्लाइटचा स्टुडिओ आणि बरंचसं काम नष्ट झालं. सिबिलने जहाजबांधणीच्या कामावर भेटलेल्या सुताराशी लग्न केलं आणि 1947मध्ये कॅनडा गाठला. ही सगळी मंडळी विस्मृतीत गेली. पुढे त्यांची चित्रं पुन्हा उजेडात आली तेव्हा लिलावांत भाव असे चढले, की बिअरच्या किमतीची गोष्ट आता विनोदच वाटते. अर्थात फ्लाइटच्या हयातीतही ती दोन-तीन गिनींना विकली जात आणि कामगाराला तेवढेही परवडत नसत.

स्वस्ताईचं ते वचन पाळलं गेलं ते दुसरीकडे, भारतात. चित्रकार नंदलाल बोस यांनी 1930मध्ये काठी टेकत निघालेले गांधीजी लिनोलियमवर कोरले, ते दांडीयात्रेच्या निमित्ताने. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकासाठी त्यांनी लिनोकट केले. चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहून कष्टकरी मुलांची चित्रं याच माध्यमात कोरत राहिले. लंडनच्या त्या छापांसाठी आज संग्रहालय किंवा श्रीमंत संग्राहक गाठावा लागतो. ‘सहज पाठ’ मात्र बंगालमधली मुलं अजूनही हाताळतात.