सार्वजनिक आरोग्यविमा आणि रुग्णाचा आहार : नागपूर-मिहानच्या संदर्भात

सार्वजनिक आरोग्यविम्याच्या इतिहासात खाट, औषध व शस्त्रक्रिया यांचा हिशेब काटेकोरपणे मांडला गेला; रुग्णाच्या पोषणाला मात्र त्यात स्वतंत्र स्थान क्वचितच लाभले. नागपूरच्या संदर्भात ही बाब विशेष स्पष्ट होते.

कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सादर केली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. तिच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९५४ मध्ये, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असतानाच, ही योजना येथे लागू झाली. कायद्याचा भर आहारावर नव्हता. परंतु आजारपणात बुडालेल्या मजुरीचा काही भाग रोख देण्याची तरतूद त्यात होती. मजुरी थांबली की घरातले दूध आणि डाळ प्रथम आटते. क्षयाच्या रुग्णाला तर हेच सर्वाधिक बाधते. म्हणून हा रोख लाभ पोषणाचा अप्रत्यक्ष विमाच होता, असे म्हणावे लागते. शेतमजूर अर्थातच त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

त्याच्यासारख्या गरिबांसाठी २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. तिच्या पॅकेजमध्ये तपासण्या व औषधांबरोबर रुग्णाचे भोजन आणि घरी परतण्याचे भाडेही समाविष्ट झाले. भोजनाचा हा स्पष्ट उल्लेख स्वागतार्ह खरा. पण ते खाटेशी बांधलेले भोजन होय. खाट सुटली की तेही सुटते, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई येथे नाही. विदर्भात खर्रा खाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तोंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर किंवा किरणोपचारात अनेकांना कित्येक आठवडे नळीवाटे पातळ आहार घ्यावा लागतो. हा काळ बहुतांशी घरीच जातो.

मिहानमध्ये आज हे दोन्ही प्रवाह शेजारी दिसतात. तेथील वेतनमर्यादेत बसणारा कामगार कर्मचारी राज्य विम्याखाली येतो. तर ११ डिसेंबर २०२२ रोजी लोकार्पण झालेले एम्स रुग्णालय गावखेड्यांतील रुग्णांचाही आधार आहे. क्षयरुग्णाला एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. मात्र ती विम्यातून नव्हे, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून येते; नळीवाटे आहार घेणाऱ्या कर्करुग्णाला ती लागू नाही.