मुदतीचा ताप आणि औषधांची मुदत

विषमज्वराला आपल्याकडे मुदतीचा ताप म्हणतात. आमच्या घरच्या दखनी बोलीत त्याला ‘मियादी बुखार’ म्हणत. मुदत काय किंवा मियाद काय, दोन्ही शब्द अरबीतून आलेले आणि अर्थाने सख्खे भाऊ. हा ताप आपली मुदत पुरी करूनच उतरायचा. तोवर रोग्याच्या उशाशी बसून राहायचे, एवढेच पूर्वी माणसाच्या हाती होते. शब्दांत रमणारा माणूस म्हणून मला या नावाचे नेहमीच कुतूहल वाटत आले. पण या तापाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास वाचला आणि लक्षात आले, की मुदत केवळ तापाला नाही, त्याच्या औषधांनाही आहे.

१९४७ साली व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध मिळाले. पुढच्याच वर्षी ते विषमज्वरावर गुणकारी ठरले. आठवडे चालणारा ताप दिवसांवर आला. पण १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्या केरळातील कालिकतमध्ये या औषधाला न जुमानणाऱ्या विषमज्वराच्या साथी आल्या. मग अॅम्पिसिलिन आणि कोट्रायमोक्झॅझोलवर भिस्त ठेवली गेली. १९९०च्या सुमारास ही तिन्ही औषधे एकदम निकामी करणारे जंतू भारतीय उपखंडात फैलावले. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा आधार घेतला, तेही थकले. त्यानंतर सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शने आली.

असे का होते? प्रतिजैविक घेतले की औषधाला बळी पडणारे जंतू मरतात आणि तग धरणारे वाढतात. ज्या वस्तीत पाणी गढूळ, दवाखाना लांब आणि रक्ताची तपासणी महाग, तिथे ताप कशाचा हे कळण्याआधीच गोळ्या सुरू होतात. आईचा यात काय दोष? रोजंदारी बुडवून ती तीन दिवस अहवालाची वाट कशी पाहणार? पण अंदाजाने दिलेला प्रत्येक डोस पोटातल्या इतर जंतूंनाही औषध पचवायला शिकवतो आणि ते जंतू ही विद्या शेजाऱ्याला देऊ शकतात.

सिंधमधील हैदराबादेत नेमके हेच घडले. तिथे नोव्हेंबर २०१६ पासून विषमज्वराची अशी साथ सुरू झाली, की आधीची सगळी औषधे आणि सेफ्ट्रियाक्झोनसुद्धा तिच्यापुढे हरले. आतड्यातल्या दुसऱ्या जंतूंकडे आढळणारा प्रतिकाराचा एक जनुकीय तुकडा विषमज्वराच्या जंतूने उचलला होता. तोंडावाटे देण्याजोगे अॅझिथ्रोमायसिन हे एकच भरवशाचे औषध उरले. त्यापलीकडे शिरेतून देण्याची मेरोपेनेमसारखी महागडी औषधे. गरिबाच्या घरात ती कुठून येणार?

तोडगा निघाला तो दुसऱ्या हैदराबादेतून, आपल्या दक्षिणेतल्या. विषमज्वराची लस नवी नव्हती. इंग्लंडमध्ये आल्मरॉथ राइट यांनी ती १८९६ मध्येच टोचून पाहिली होती. पण नंतरच्या काळात वापरात असलेली इंजेक्शनची लस दोन वर्षांखालच्या बाळांना नीट लागू पडत नसे. भारत बायोटेकने जंतूच्या आवरणातील साखरेला धनुर्वाताच्या लशीतील प्रथिनाची जोड दिली. त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळालाही एका डोसात संरक्षण मिळू लागले. २०१३ मध्ये तिला भारतात परवाना मिळाला आणि २०१७ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता. ही लस सिंधमधील हैदराबादेत पोचली. २०१८ अखेरपर्यंत तिथल्या दोन लाखांहून अधिक मुलांना ती टोचली गेली. या हट्टी विषमज्वरापासून तिने सुमारे ९७ टक्के संरक्षण दिल्याचे पुढे दिसून आले. जंतूने कोणती औषधे पचवली आहेत याच्याशी लशीला देणेघेणे नसते. ती त्याच्या आवरणावरूनच त्याला ओळखायला शरीराला शिकवते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिंध प्रांतात मोठी मोहीम झाली आणि पाकिस्तान हा ही लस नियमित लसीकरणात आणणारा पहिला देश ठरला.

या इतिहासात महाराष्ट्राचेही एक पान आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ही लस दिली. सरकारी यंत्रणेमार्फत झालेली ही जगातील पहिली मोहीम होती.

हा हिशेब विषमज्वरापुरता नाही. न्युमोनियाच्या एका प्रमुख जंतूवरची लस आणि अतिसार घडवणाऱ्या रोटाव्हायरसवरची लस घ्या. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पाच वर्षांखालील मुलांमध्ये प्रतिजैविके दिली गेली असती, अशी अनुक्रमे २ कोटी ३८ लाख आणि १ कोटी ३६ लाख आजारपणे या लशी दरवर्षी टाळतात, असा अंदाज ‘नेचर’मधील २०२० च्या अभ्यासात आहे. त्या सर्व मुलांपर्यंत पोचल्या, तर आणखी ४ कोटी टळतील. रोटाव्हायरसवर तर प्रतिजैविक चालतच नाही, तरी जुलाब लागले की ते दिले जाते. लस तो मोहही टाळते.

लस म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे. सिंधमध्येही सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. नळ आणि गटारे दुरुस्त करण्याचे काम सुटलेले नाही. पण ते होईपर्यंत हातात उरलेली औषधे राखायला हवीत. औषधाची मुदत वाढवायची तर ते कमी वापरावे लागेल. आणि कमी वापरायचे तर मूल आजारीच पडू नये, हे पाहावे लागेल.

(नभोवाणी भाषणाचे संपादित स्वरूप)