पुनर्मीलनाच्या सुखान्तिका

काडीमोड झालेल्या पतिपत्नींचे पुन्हा सूत जुळावे, हा विषय हास्यविनोदाचा कसा झाला, हे पाहण्यास आपणांस अमेरिकन चित्रपटांकडे वळावे लागते. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये नीतिसंहितेचा अंमल कडक झाला. विवाहसंस्थेचे पावित्र्य राखावे, असा तिचा दंडक होता. मग विवाहितेचा परपुरुषाशी प्रणय दाखवावा कसा? आधी घटस्फोट, मध्यंतरी दुसरा उमेदवार आणि शेवटी मूळचीच जोडी, हा मार्ग सोयीचा ठरला.

लिओ मॅकॅरी यांच्या ‘द ऑफुल ट्रूथ’मध्ये (१९३७) मध्यरात्री घटस्फोट कायम व्हायचा असतो, त्याच रात्री मने जुळतात. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ची (१९४०) नायिका दुसऱ्या लग्नाच्या मुहूर्तावर पहिल्याच पतीला वरते. तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ मध्ये अशा चित्रपटांना ‘पुनर्विवाहाच्या सुखान्तिका’ म्हटले.

१९६८ मध्ये ती संहिता गेली. पुढे नायक-नायिकाही प्रौढ झाली. ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’मधील (२००९) तीन मुलांची आई दहा वर्षांनी जुन्या पतीकडे ओढली जाते, पण अखेर परतत नाही. ‘टिकेट टू पॅरडाइज’मध्ये (२०२२) लेकीच्या लग्नानिमित्त बालीला गेलेले आईबाप मात्र पुन्हा एकत्र येतात.

विवाहाला संस्कार मानणाऱ्या आम्हांला यात एक गोष्ट मोलाची वाटते. पूर्वी ते मीलन नियमाने ठरलेले असे. आता नकाराची वाट मोकळी असताना दिलेला होकार हाच खरा होकार होय.