पिंपांचा लिलाव, गावाचं हॉस्पिटल

आज वाईनवर बोलायचंय, पण कुठली प्यावी वगैरे नाही. या धंद्यातले लोक दान कसं करतात, आणि त्या दानात धंदा किती असतो, ते बघू.

सुरुवात फ्रान्समधून. बर्गंडी प्रांतात बोन नावाचं एक छोटं गाव आहे. साल १४४३. इंग्लंड-फ्रान्सचं ते लांबलेलं युद्ध संपत आलेलं, गावात उपासमार. बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सलर निकोला रोलाँ आणि त्याची बायको गिगोन यांनी गरिबांसाठी हॉस्पिटल बांधायला घेतलं. रोलाँ काही संत नव्हता, पैसा दाबून कमावलेला माणूस. फ्रान्सचा राजा अकरावा लुई म्हणे टोमणा मारायचा, की याने इतक्यांना गरीब केलंय, तर त्यांच्यासाठी घर बांधणं याला भागच होतं! टोमणा खरा असो-नसो, हॉस्पिटल मात्र खरं. १४५२ मध्ये पहिला पेशंट आला आणि त्या जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत पेशंट होते. पाचशे वर्षांहून जास्त!

हे चाललं कशावर? तर द्राक्षांवर. लोक मरताना हॉस्पिटलच्या नावाने द्राक्षमळे करून जायचे. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन देत, तसंच काहीसं. आज संस्थेकडे साधारण ६० हेक्टर मळे आहेत. १८५९ पासून तिथल्या वाईनचा दरवर्षी जाहीर लिलाव होतो, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. बाटल्या नाही, २२८ लिटरची अख्खी पिंपं. पूर्वी मेणबत्ती लावून बोली चालायची, ज्योत विझली की सौदा पक्का.

आता गंमत बघा. ही वाईन त्याच हंगामातली, एकदम कच्ची असते. घेणारे बरेचसे वाईनचे व्यापारी. ते ती मुरवतात, बाटलीत भरतात आणि लेबलवर हॉस्पिटलच्या नावासोबत स्वतःचंही नाव छापतात. शिवाय नव्या हंगामाचा भाव कुठे जाणार याचा अंदाज सगळा बाजार याच लिलावातून घेतो. म्हणजे पुण्य, जाहिरात आणि बाजारभाव, तिन्ही एकाच हॉलमध्ये. मला यात वावगं वाटत नाही. हॉस्पिटलला मशीन मिळतात ना!

हीच कल्पना अमेरिकेत गेली. कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीच्या वाईनवाल्यांनी १९८१ मध्ये बोनवरून स्फूर्ती घेऊन आपला लिलाव सुरू केला. रॉबर्ट मोंडावी हा त्यातला पुढारी. पैसे स्थानिक हॉस्पिटलांना, पुढे दवाखान्यांना आणि मुलांच्या संस्थांना. २००० साली तिथे ‘स्क्रीमिंग ईगल’ची ६ लिटरची एकच बाटली ५ लाख डॉलरला गेली. हो, एकच बाटली. आजवरची एकूण देणगी २० कोटी डॉलरच्या वर आहे.

पण त्याच काळात, त्याच खोऱ्यात, द्राक्षं तोडणारे मजूर, बहुतेक मेक्सिकोतून आलेले, हंगामात गाडीत नाहीतर नदीकाठी झोपत होते. लिलावाच्या फोटोत ते कुठेच नाहीत.

मग २००२ मध्ये जे झालं, ते मला त्या ५ लाखांच्या बाटलीपेक्षा मोठं वाटतं. नापाच्या मळेवाल्यांनी मतदान करून स्वतःवरच पट्टी बसवून घेतली: एकरी वर्षाला जास्तीत जास्त १० डॉलर, मजुरांच्या राहण्यासाठी. जोसेफ फेल्प्स या वाईनवाल्याने जमीन दिली, तिथे नवं वसतिगृह उभं राहिलं. काउंटीकडे अशी ३ केंद्रं झाली, प्रत्येकी ६० खाटांची. मजूर थोडं भाडं देतो, जेवण त्यातच.

फरक लक्षात घ्या. लिलावात हात वर करणाऱ्याला टाळ्या मिळतात. एकरी १० डॉलर देणाऱ्याला कोण टाळ्या देणार? पण लिलाव मंदीत बसतो, पट्टी दरवर्षी येते. आणि ती ज्याच्या हातून द्राक्ष तुटतं त्याच्याकडे थेट जाते. तरी १८० खाटा हजारो मजुरांना कशा पुरणार, हेही आहेच.

आता आपलं नाशिक. इथल्या वाईनचं नातं थेट कॅलिफोर्नियाशी आहे. राजीव सामंत तिथे नोकरी करून परतले आणि तिथल्याच वाईनतज्ज्ञाला सोबत घेऊन त्यांनी सुला उभी केली. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यायची सक्ती आली, पण ती मोठ्या कंपन्यांना: ५ कोटी नफा, किंवा १००० कोटी उलाढाल, किंवा ५०० कोटी नेटवर्थ. छोटी वायनरी त्यात बसत नाही, आणि वायनरीला द्राक्षं घालणारा शेतकरी तर नाहीच. दिंडोरी-निफाडच्या बागांत हंगामाला पेठ-सुरगाण्याहून माणसं येतात, बायकापोरांसकट. त्यांच्या झोपायच्या जागेसाठी एकरी किती रुपये पुरतील, हा हिशोब बागाईतदार आणि वायनरीवाल्यांनी एकत्र बसून केला, तर त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट बघावी लागणार नाही.