ख्रिस्तपुराण

ख्रिस्तपुराण हा फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने रचलेला मराठी ओवीबद्ध ग्रंथ आहे. तो १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापला गेला. बायबलमधील विश्वाच्या उत्पत्तीपासून येशू ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यात मराठी पुराणग्रंथांच्या धाटणीने सांगितली आहे. मराठीतील सर्वांत जुन्या मुद्रित ग्रंथांमध्ये त्याची गणना होते. ख्रिस्ती धर्मकथा हिंदू वाङ्मयपरंपरेच्या रूपात मांडण्याचा भारतातील हा एक प्रारंभीचा आणि मोठा प्रयत्न मानला जातो.

लेखक

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ.स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. १५७५ मध्ये रोम येथे ते जेझुइट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. पुढील सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांचे वास्तव्य मुख्यतः गोव्यातील सासष्टी भागात होते. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी भारतीय भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे नमूद केले. भाषांच्या तौलनिक अभ्यासाच्या इतिहासात या निरीक्षणाचा उल्लेख केला जातो. कोकणी भाषेचे व्याकरण आणि ख्रिस्ती सिद्धान्ताची प्रश्नोत्तररूप पुस्तिका ही त्यांची अन्य दोन पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर अनुक्रमे १६४० व १६२२ मध्ये छापली गेली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात धर्मांतराची मोहीम जोरात होती. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायपीठाची (इन्क्विझिशन) स्थापना झाली. १५६७ च्या सुमारास सासष्टीतील बहुसंख्य देवळे पाडण्यात आली आणि हिंदू धर्मग्रंथ बाळगण्यावर व वाचण्यावर बंदी आली. या धोरणाविरुद्धच्या रोषातून जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली. त्यानंतर सत्ताधाऱ्यांनी गावातील प्रमुखांना ठार केले.

धर्मांतरित कुटुंबांचा जुन्या ग्रंथांशी संबंध तुटला, परंतु पुराणश्रवणाची सवय व ओढ कायम राहिली. ग्रंथाच्या आरंभी या परिस्थितीचा थेट उल्लेख येतो. सासष्टीतील एक ब्राह्मण पाद्री-गुरूंना सांगतो की, पूर्वीची पुराणे बंद केली, तर मन रमवण्यासाठी व वाचण्यासाठी मराठीत तशा स्वरूपाचे काही द्यावे. या विनंतीस दिलेले उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण, अशी ग्रंथाची भूमिका आहे.

रचना

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पैले पुराण’ या भागात ३६ प्रकरणे असून त्यांत जगाची उत्पत्ती, आदम व एवेचे पतन, जलप्रलय, मोशेची कथा आणि तारणाऱ्याच्या आगमनाची भाकिते असा बायबलच्या जुन्या करारातील विषय येतो. ‘दुसरे पुराण’ या भागात ५९ प्रकरणे असून ती येशूच्या जीवनावर आहेत. प्रकरणांना ‘अवस्वरू’ असे म्हटले आहे. एकूण ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार आहे.

छंद म्हणून स्टीफन्स यांनी ज्ञानेश्वर व एकनाथ यांच्या ग्रंथांतून रूढ झालेली ओवी निवडली. पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा चरण मोकळा, अशी तिची ठेवण आहे. ओवी मोठ्याने वाचण्यासाठी व गाण्यासाठी सोयीची असल्याने निरक्षर श्रोत्यांपर्यंतही कथा पोहोचत असे. मराठी ग्रंथांच्या प्रघातानुसार सुरुवात नमनाने होते. मात्र हे नमन गणेश व शारदेला नसून ख्रिस्ती त्रैक्य, मरिया, देवदूत व संत यांना आहे. श्रोत्यांनी शंका विचारावी आणि गुरूने कथेच्या ओघात निरसन करावे, ही पुराणांतील संवादाची पद्धतही स्टीफन्स यांनी स्वीकारली.

भाषा

ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्स यांनी भाषेच्या निवडीचे कारण दिले आहे. धर्मविषय मांडण्यास त्यांना मराठी योग्य वाटली. शुद्ध मराठी सामान्य लोकांना सहज समजत नसल्याने त्यांनी कठीण शब्द टाळून कोकणीतील सोपे शब्द मिसळले. त्यामुळे ग्रंथाची भाषा कोकणीमिश्रित मराठी झाली आहे. पहिल्या पुराणातील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांत मराठीला रत्ने, मोगरा, कस्तुरी, मोर व कल्पतरू यांच्या उपमा दिल्या आहेत. शालेय पाठ्यपुस्तके व भाषाविषयक भाषणे यांतून या ओव्या वारंवार उद्धृत होतात.

संज्ञांचे रूपांतर

धर्मकल्पना एका परंपरेतून दुसरीत नेताना दोन मार्ग संभवतात. एक म्हणजे मूळ शब्द तसाच ठेवणे आणि दुसरा म्हणजे स्थानिक धर्मभाषेतील जवळचा शब्द घेणे. स्टीफन्स यांनी दोन्ही मार्ग वापरले.

* स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा वैष्णव परंपरेतील शब्द येतो. विष्णूचे धाम हा त्याचा अर्थ बाजूला ठेवून ‘परमेश्वराचे निवासस्थान’ एवढाच भाव त्यात घेतला आहे.
* मुक्ती, भक्ती, पाप, पुण्य, गुरू, शास्त्र हे शब्द श्रोत्यांच्या परिचयाचे असल्याने कायम ठेवले, परंतु त्यांना ख्रिस्ती आशय दिला. उदाहरणार्थ, मुक्ती म्हणजे जन्ममृत्यूच्या फेऱ्यातून सुटका नसून पापापासून तारण होय.
* सैतानासाठी कोकणी लोकविश्वासातील ‘देवचार’ हा शब्द वापरला आहे.
* पवित्र आत्म्यासारख्या ज्या संकल्पनांना स्थानिक प्रतिशब्दामुळे वेगळा अर्थ चिकटण्याची शक्यता होती, तेथे लॅटिन किंवा पोर्तुगीज शब्दच ठेवला.

लिपी व आवृत्त्या

स्थानिक लिपीत पुस्तके छापावीत, अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ मध्ये जेझुइट संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती व्यक्त केली होती. भारतीय लिपी अक्षरप्रधान असल्याने सुमारे ६०० साचे लागतील, ही अडचण त्यांनी त्यात मांडली व ही संख्या कमी करता येईल असेही सुचवले. हे काम त्यांच्या हयातीत झाले नाही आणि ग्रंथ रोमन लिपीतच छापला गेला.

१६१६ नंतर १६४९ व १६५४ मध्ये पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढल्यावर अशा साहित्याचा राजाश्रय संपला. तरीही हस्तलिखितांच्या नकला होत राहिल्या आणि गोवा व मंगळूर परिसरातील ख्रिस्ती समाजात ग्रंथाचे वाचन चालू राहिले. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. विसाव्या शतकात लंडनमधील मार्स्डेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित असल्याचे जस्टिन अ‍ॅबट यांनी निदर्शनास आणले. त्यात अनेक पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात निघाली. त्यानंतर कारिदाद द्रागो (१९९६) व नेल्सन फाल्काव (२००९) यांनीही आवृत्त्या सिद्ध केल्या.

मूल्यमापन

ख्रिस्तपुराणाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका दृष्टीनुसार, युरोपीय धर्मोपदेशकाने लोकांची भाषा, छंद व श्रवणपरंपरा यांचा आदर करून आपला धर्म त्यांच्या संस्कृतीत रुजवला. फाल्काव यांचा २००३ मधील अभ्यास ग्रंथाचा विचार संस्कृतिसंगमाच्या अंगाने करतो. दुसऱ्या दृष्टीनुसार, ज्या सत्तेने जुनी पुराणे बंद केली, तिच्याच छायेत त्यांचे रूप घेऊन नवे पुराण देण्यात आले. म्हणून यात स्वीकार रूपाचा आहे, श्रद्धेचा नाही. मूर्तिपूजेचा निषेध ग्रंथातही आढळतो. तथापि १६२९ मध्ये गोव्यात छापलेल्या एतिएन द ला क्रुआ यांच्या संत पीटरवरील मराठी पुराणात हिंदू देवतांचे जे विस्तृत खंडन येते, त्याच्या तुलनेत स्टीफन्स यांचा भर कथेवर अधिक आहे.

नंतरचे प्रयत्न

विसाव्या शतकात नारायण वामन टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले. ते त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. येथे लेखक स्वतः मराठी संतकाव्याच्या संस्कारांत वाढलेले होते, हा स्टीफन्स यांच्याहून महत्त्वाचा फरक आहे. २००८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या एका कॅथलिक इंग्रजी बायबलच्या टिपांत उपनिषदे, गीता, रामायण व महाभारत यांचे संदर्भ देण्यात आले. त्यावरही काही ख्रिस्ती गटांनी आक्षेप घेतला. धर्मग्रंथ स्थानिक परंपरेच्या किती जवळ न्यावा, हा स्टीफन्स यांच्यासमोरचा प्रश्न चारशे वर्षांनंतरही चर्चेत आहे.

हे सुद्धा पहा

* ओवी
* गोव्याचा इतिहास
* नारायण वामन टिळक
* लक्ष्मीबाई टिळक